स्फुरण आणि ठणका : एका कार्यकारणाची तपासणी

भूलशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी जी वाक्यं पाठ होतात, त्यांत एक असं असतं : स्कोलिन दिलं की स्नायू स्फुरतात, आणि स्फुरतात म्हणून दुसऱ्या दिवशी दुखतात. वाक्य सोपं आहे, डोळ्यांदेखत घडणाऱ्या गोष्टीवर उभं आहे आणि तोंडी परीक्षेत गुण मिळवून देतं. ते खरं आहे असं मला वाटत नाही. निदान ज्या अर्थाने ते शिकवलं जातं त्या अर्थाने तर नाहीच. हे नुसतं पुस्तकी मतभेदाचं प्रकरण असतं तर मी त्यात पडलो नसतो. पण या वाक्याच्या आधारावर शुद्धीत असलेल्या माणसाच्या शिरेत आणखी एक औषध टोचलं जातं, म्हणून ते तपासायला हवं.

आधी वस्तुस्थिती. स्कोलिन हे आपल्याकडच्या ऑपरेशन थिएटरांत रुळलेलं नाव. औषधाचं मूळ नाव सक्सिनिलकोलीन, ब्रिटिश पुस्तकांत सक्सामेथोनियम. भुलेचं औषध देऊन रुग्ण झोपला की हे शिरेतून देतात. मिनिटभरात पापण्या, जबडा, मान, खांदे, छाती आणि शेवटी पायाची बोटं इथवर त्वचेखालून एक लहर सरकत जाते. हेच ते फॅसिक्युलेशन. त्याला इथे मी स्फुरण म्हणतो. लहर ओसरली की सगळं अंग सैल पडतं, श्वासनलिकेत नळी सहज जाते, आणि बहुतेकांत पाच-दहा मिनिटांत औषधाचा अंमल उतरतो. इतक्या झटपट येणारं आणि इतक्या लवकर जाणारं दुसरं शिथिलक नाही. ते स्वस्तही आहे. पोट भरलेल्या रुग्णाला तातडीने भूल द्यायची असते तेव्हा ते आजही हाताशी लागतं.

मग दुसरा दिवस उजाडतो. ऑपरेशन झालेलं असतं हर्नियाचं किंवा गर्भनलिकेचं, आणि तक्रार असते मानेची. खांदे, पाठीचा वरचा भाग, बरगड्यांखालची जागा, कधी जबडा. ‘अंग ठेचून काढल्यासारखं झालंय’ हे शब्द वॉर्डात कुणी ऐकले नसतील असं नाही. पुष्कळदा उत्तर मिळतं, टेबलावर मान अवघडली असेल. जरा माहितगार डॉक्टर असेल तर म्हणतो, औषधाने स्नायू स्फुरले ना, म्हणून दुखतंय. दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा प्रामाणिक आहे, कारण त्यात औषधाचा उल्लेख तरी होतो. माझा वाद त्या ‘म्हणून’शी आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडणं हा अन्याय ठरेल, म्हणून तो पुऱ्या बळाने मांडतो. सक्सिनिलकोलीन 1906 सालीच हंट आणि टाव्हो यांनी प्राण्यांना देऊन पाहिलं होतं. पण त्यांचे प्राणी आधीच क्युरारे देऊन लुळे केलेले होते, त्यामुळे त्यांना रक्तदाबावरचा परिणाम दिसला आणि स्नायूंवरचा मुळीच दिसला नाही. तो 1949 मध्ये डॅनियल बोव्हे यांनी दाखवला; त्यांना 1957 चं नोबेल मिळालं. 1951 पासून औषध माणसांत वापरात आलं आणि लवकरच अंगदुखीची तक्रार पुढे आली. 1954 मध्ये चर्चिल-डेव्हिडसन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या दुखण्यावर लेख लिहिला. स्फुरण डोळ्यांना दिसत होतं, दुखणं रुग्ण सांगत होता, आणि दोहोंमध्ये एका रात्रीचं अंतर होतं. जोड लागायला वेळ लागला नाही.

या जोडीला शास्त्रीय रूप 1971 मध्ये वॉटर्स आणि मेपलसन यांनी दिलं. स्फुरताना स्नायूचे सगळे तंतू एकाच वेळी आखडत नाहीत. काही आखडतात, शेजारचे सैल असतात, आणि ती ओढाताण त्यांच्यामधल्या ऊतींना इजा करते, असं त्यांचं म्हणणं. विचार देखणा आहे आणि सवय नसलेल्या श्रमानंतरच्या अंगदुखीशी जुळतो. उपायही त्यातूनच निघाला. स्कोलिनच्या दोन-तीन मिनिटं आधी दुसऱ्या जातीच्या शिथिलकाची, म्हणजे क्युरारेच्या कुळातल्या औषधाची, अगदी लहान मात्रा द्यायची. मज्जातंतूच्या टोकावरचे ग्राहक (रिसेप्टर) त्याने अडवले की स्कोलिन तिथून उलटे संदेश उठवू शकत नाही आणि स्फुरण थांबतं किंवा मंदावतं. याला प्रीक्युरारायझेशन म्हणतात. 1990 मध्ये पेस यांनी तोवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा अशा पूर्वमात्रेने दुखणंही कमी होतं असंच आढळलं. स्फुरण अडवलं, दुखणं घटलं. पूर्वपक्ष याहून काय वेगळं मागणार?

आपल्याकडच्या नैयायिकांनी कारण कशाला म्हणावं याची काटेकोर अट घातलेली आहे. कार्याच्या आधी नेमाने असणं पुरेसं नाही. जे आहे ते अन्यथासिद्ध नसावं लागतं. माती वाहून आणणारं कुंभाराचं गाढव घड्याच्या आधी रोज अंगणात हजर असतं, पण घडा गाढवामुळे होत नाही. गाढव काढा, माती डोक्यावरून आणा, घडा होतोच. स्फुरण हे कारण आहे की त्या अंगणातलं गाढव, हे अन्वय (ते असेल तिथे कार्य असणं) आणि व्यतिरेक (ते नसेल तिथे कार्य नसणं) दोन्ही लावून पाहिल्याशिवाय ठरणार नाही. आणि तसं पाहण्याइतकी सामग्री आता आहे.

जिनिव्हातल्या ट्रॅमेर यांच्या गटाने 2005 साली ‘ॲनेस्थेशियॉलॉजी’ या नियतकालिकात 52 यादृच्छिक चाचण्यांचं एकत्र विश्लेषण प्रसिद्ध केलं. एकूण रुग्ण 5,318. ज्यांना कोणताही प्रतिबंधक उपाय केला नव्हता त्यांच्यापैकी सुमारे 95 टक्के स्फुरले आणि चोवीस तासांनी सुमारे 50 टक्क्यांचं अंग दुखत होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. जवळजवळ सगळेच स्फुरले, दुखलं निम्म्यांचं. अन्वय इथेच सैल पडला. एवढ्याने पूर्वपक्ष पडत नाही हे मी मान्य करतो. तो म्हणेल, स्फुरण आवश्यक आहे, फक्त पुरेसं नाही. ठीक. मग व्यतिरेक पाहू.

व्यतिरेकाची अट अशी की स्फुरण नसेल तिथे दुखणंही नसावं. 1989 मध्ये झाल आणि ॲपफेलबाउम यांनी त्याच दिवशी घरी जाणाऱ्या लॅपरोस्कोपीच्या रुग्णांत स्कोलिनच्या जागी व्हेक्युरोनियम वापरलेलं पाहिलं. व्हेक्युरोनियमने स्नायू स्फुरत नाहीत. तरीही स्नायूंचं दुखणं आलंच. म्हणजे ज्या शस्त्रक्रियेत हे दुखणं सर्वाधिक मोजलं गेलं, तिथल्या दुखण्याचा एक वाटा औषधाचा नाहीच. तो पोटात भरलेल्या वायूचा, टेबलावरच्या स्थितीचा, त्याच दिवशी उठून चालण्याचा आहे. चालण्याची गोष्ट खुद्द 1954 च्या लेखातही आहे : लवकर हिंडू-फिरू लागलेल्यांना अंथरुणात पडून राहिलेल्यांपेक्षा जास्त दुखलं. स्फुरण तर दोघांनाही सारखंच झालेलं असणार.

सगळ्यात निर्णायक पुरावा मात्र तिसराच आहे, आणि पाठ्यपुस्तकांत तो कोपऱ्यात ढकललेला असतो. जिनिव्हाच्या विश्लेषणात स्फुरण चांगलं रोखणाऱ्या उपायांची एक यादी निघते : पूर्वमात्रेतली शिथिलकं, लिग्नोकेन, मॅग्नेशियम. दुखणं चांगलं रोखणाऱ्यांची दुसरी यादी निघते : शिथिलकं, लिग्नोकेन, आणि ॲस्पिरिन-डायक्लोफेनॅकच्या वर्गातली दाहशामक औषधं. दोन्ही याद्या एकच असायला हव्या होत्या. त्या एक नाहीत. मॅग्नेशियम स्फुरण शमवतं, पण दुखण्याच्या यादीत त्याला जागा नाही. दाहशामकं स्फुरणाला हातही लावत नाहीत; स्नायू नेहमीसारखेच स्फुरतात आणि तरी दुसऱ्या दिवशी दुखत नाही. साधारण अडीच रुग्णांना दिलं तर एकाचं दुखणं टळतं, इतका हा परिणाम मोठा आहे. भूलशास्त्रातल्या किती प्रतिबंधक उपायांबद्दल असं म्हणता येईल?

यावर पूर्वपक्षी उठून म्हणेल : दाहशामक हे वेदनाशामकच आहे, ते कशानेही झालेलं दुखणं कमी करणारच, त्यातून कारणाबद्दल काय कळणार? आक्षेप विचार करण्याजोगा आहे. उत्तर वेळेत आहे. भूल देण्याआधी एकदा दिलेल्या डायक्लोफेनॅकचं वेदनाशमन चोवीस तास टिकत नाही, आणि दुखणं विचारलं जातं ते चोवीस तासांनी. एवढ्या उशिरा फायदा दिसतो, याचा अर्थ ते औषध आलेलं दुखणं झाकत नव्हतं, सुरू होऊ घातलेली एखादी प्रक्रिया रोखत होतं. स्नायुपेशीत कॅल्शियम शिरणं, पेशीपटलातली मेदद्रव्यं तुटणं, त्यांतून प्रोस्टाग्लँडिनं तयार होणं आणि त्यांनी मज्जातंतूंची टोकं हुळहुळी होणं, ही ती साखळी असावी. सारे दुवे पक्के झालेले नाहीत. पण साखळीची दिशा स्फुरणाकडून दुखण्याकडे जात नाही. ती औषधाकडून थेट स्नायुपेशीकडे जाते.

मात्रेची गोष्टही इकडेच बोट दाखवते. किलोमागे एक मिलिग्रॅम देण्यापेक्षा दीड मिलिग्रॅम दिल्यावर दुखणं कमी आढळलं. औषध वाढलं आणि त्रास घटला! ओढाताणीच्या सिद्धांताचे समर्थक सांगतात, मोठ्या मात्रेत तंतू एकदम आखडतात, म्हणून घर्षण कमी. असेलही. पण तसं म्हणताना त्यांनी स्वतःच कबूल केलं की डोळ्यांना दिसणाऱ्या स्फुरणावरून इजा मोजता येत नाही. मग थिएटरात उभं राहून ‘आज फारसं स्फुरलं नाही, दुखणार नाही’ असं म्हणायला आधार काय उरतो?

लहान मुलांकडे पाहिलं तर हा आधार पुरता सुटतो. तान्ह्या आणि अगदी लहान मुलांत स्फुरण फारसं दिसतच नाही, आणि दुखण्याची तक्रारही क्वचित. पण स्नायूंची खरी झीज, म्हणजे रक्तात मायोग्लोबिन हे स्नायूतलं प्रथिन उतरणं, ते मात्र स्कोलिननंतर मोठ्यांपेक्षा मुलांतच पुष्कळ अधिक आढळलं आहे. हे 1971 पासून माहीत आहे. दिसणारं स्फुरण कमी, न दिसणारी इजा जास्त. याहून स्पष्ट व्यभिचार, म्हणजे कार्यकारणाच्या नियमाचा भंग, मला तरी माहीत नाही.

मग पूर्वमात्रेने दुखणं घटतं त्याचं काय? घटतं. पेस यांचं विश्लेषण चुकलेलं नाही आणि जिनिव्हाचंही तेच सांगतं. पण एकाच उपायाने दोन गोष्टी घटल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. दोघींचं मूळ एक असेल तरी तसंच घडेल. स्कोलिन मज्जातंतूच्या टोकावर बसतं तेव्हा स्फुरण उठतं, स्नायूच्या पटलावर बसतं तेव्हा तिथे सोडियम आणि कॅल्शियमचा लोंढा आत येतो. क्युरारेच्या कुळातलं औषध दोन्ही जागी आधीच आडवं बसलेलं असतं, म्हणून दोन्ही मंदावतात. लिग्नोकेनही पेशीपटलं दोन्हीकडे स्थिर करतं. मॅग्नेशियम आणि दाहशामकं मात्र दोन वेगवेगळ्या टोकांना काम करतात, आणि त्यांच्यामुळेच ही जोडगोळी सुटी होऊन दिसते. एकमूल असण्याचा सिद्धांत सगळ्या निरीक्षणांना सामावून घेतो. स्फुरणाला कारण मानणारा सिद्धांत चार-पाच ठिकाणी अडखळतो.

आता किंमत. पूर्वमात्रा रुग्ण जागा असताना दिली जाते. तिने स्फुरण थांबवायचं तर ती फार लहान असून भागत नाही, आणि जरा वाढली की रुग्णाचे स्नायू खरोखरच अर्धवट लुळे पडू लागतात. पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, आवाज घोगरतो, गिळता येत नाही. जिनिव्हाच्या विश्लेषणानुसार साडेतीन रुग्णांहूनही कमी जणांना पूर्वमात्रा दिली की त्यांतल्या एकाला असा त्रास होतो. ज्या रुग्णाचं पोट भरलेलं आहे, ज्याच्या घशातून अन्न फुफ्फुसात जाऊ नये म्हणूनच आपण स्कोलिन निवडलं, त्याचंच गिळणं आपण आधी दुबळं करतो. आणि जो शुद्धीत आहे, ज्याला मान उचलता येत नाही, धड बोलता येत नाही, त्याच्या मनात त्या दोन मिनिटांत काय चाललं असेल? दुसऱ्या दिवशीची मान वाचवण्यासाठी हा व्यवहार मला मान्य नाही. शिवाय पूर्वमात्रेमुळे स्कोलिनचा जोर कमी होतो, म्हणून त्याची मात्रा वाढवावी लागते. वाढवलेल्या मात्रेनेच दुखणं थोडं कमी होतं, हे वर आलंच आहे. पूर्वमात्रेच्या खात्यावर जमा झालेल्या यशातलं किती त्या वाढलेल्या मात्रेचं, हा हिशेब क्वचितच कुणी वेगळा काढतो.

स्फुरणाला सगळ्याचं मूळ मानण्याची सवय इतकी मुरलेली आहे की ती डोळ्यापर्यंत पोहोचली. स्कोलिनने डोळ्यातला दाब वाढतो हे खरं. तो डोळ्याबाहेरचे स्नायू आखडून बुबुळ दाबतात म्हणून वाढतो, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. 1993 मध्ये केली आणि सहकाऱ्यांनी ज्या डोळ्यांचे बाहेरचे स्नायू सोडवलेले होते अशा डोळ्यांत दाब मोजला. तो तरीही वाढला. जठराच्या बाबतीत मात्र पूर्वपक्षाला त्याचं देणं द्यायला हवं. पोटाच्या स्नायूंचं स्फुरण जितकं जोरदार तितका जठरातला दाब जास्त, हे मोजलेलं आहे आणि पूर्वमात्रेने तो दाब घटतो. तिथे स्फुरण हे खरंच कारण आहे. फरक असा की त्याच वेळी अन्ननलिकेच्या तळाचा झडपेसारखा स्नायूही अधिक आवळला जातो, त्यामुळे अन्न वर येण्याची भीती त्या प्रमाणात वाढत नाही. कारणाची परीक्षा अशी एकेका अवयवागणिक करावी लागते. एका ठिकाणी जिंकलेला युक्तिवाद दुसरीकडे उसना नेता येत नाही.

माझी मोठी तक्रार पुढची आहे. स्कोलिनचे स्नायूंशी निगडित जे खरे धोके आहेत, त्यांत स्फुरणाला काहीच स्थान नाही, आणि आपलं लक्ष स्फुरणावर खिळलेलं असतं. भाजून काही दिवस लोटलेला रुग्ण, कण्याला इजा होऊन पाय गेलेला रुग्ण, अतिदक्षता विभागात आठवडेच्या आठवडे निपचित पडलेला रुग्ण, यांच्या स्नायूंवर ग्राहक सगळीकडे पसरलेले असतात. स्कोलिन मिळताच पोटॅशियम रक्तात इतकं ओतलं जातं की हृदय थांबू शकतं. पूर्वमात्रा इथे भरवशाचं संरक्षण देत नाही. स्फुरण थांबवलं म्हणून आपण निर्धास्त झालो, तर ती निर्धास्ती जीवघेणी आहे. ड्युशेन या स्नायुविकाराचं निदान अजून झालेलंच नाही असा वरकरणी ठणठणीत मुलगा स्कोलिननंतर काही मिनिटांत हृदय थांबून गेल्याच्या नोंदी झाल्या, तेव्हा 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीतला इशारा छापला गेला. जबडा सैल होण्याऐवजी घट्ट मिटणं ही तिसरी गोष्ट. कधीकधी ती मॅलिग्नंट हायपरथर्मियाची, म्हणजे भुलेच्या औषधांनी शरीर जीवघेणं तापण्याच्या विकाराची, पहिली खूण असते. या विकाराची पहिली स्पष्ट नोंद 1960 मध्ये मेलबर्नहून डेनबरो आणि लव्हेल यांनी केली. त्यांच्या रुग्णाच्या घराण्यात भुलेखाली दहा मृत्यू झालेले होते. हे आनुवंशिक आहे, म्हणून घरात कुणाला भुलेखाली काही झालं होतं का, हा प्रश्न स्फुरण मोजण्यापेक्षा हजारपट मोलाचा.

आपल्या भागाला लागू पडणारी गोष्टही याच प्रश्नाशी जोडलेली आहे. स्कोलिन रक्तातल्या ब्युटिरिलकोलिनएस्टरेज या एन्झाइमने मोडतं. आर्य वैश्य समाजात या एन्झाइमची आनुवंशिक उणीव इतर समाजांहून बरीच अधिक आढळते. या समाजाची मोठी वस्ती आंध्र, तेलंगण आणि तमिळनाडूत, पण मराठवाड्यातही तो आहे. ज्याला ही उणीव दोन्ही पालकांकडून आली, त्याचं स्कोलिन पाच-दहा मिनिटांत उतरत नाही, तासन्तास उतरत नाही. तोवर रुग्णाला झोपवून ठेवून यंत्राने श्वास द्यावा लागतो. स्फुरण मात्र त्यालाही इतरांसारखंच झालेलं असतं, त्यामुळे ते पाहून काहीही कळत नाही.

तेव्हा मंडन असं : हे दुखणं औषधाने स्नायुपेशीत उठवलेल्या दाहाचं आहे, आणि त्यात शस्त्रक्रियेची, टेबलावरच्या स्थितीची, लवकर उठून चालण्याची भर पडते. ते टाळायचं तर मूत्रपिंड, जठर, दमा आणि रक्तस्राव यांच्या दृष्टीने ज्याला चालत असेल त्याला भुलेआधी दाहशामक द्यावं. शिरेतून लिग्नोकेन देता येत असेल तर द्यावं; त्याने पापण्या जड होत नाहीत. स्कोलिन द्यायचंच असेल तर भीत भीत कमी मात्रा देऊ नये. शक्य असेल तिथे क्युरारेच्या कुळातल्या रोक्युरोनियमची मोठी मात्रा हा पर्याय आहे. त्याचा अंमल तातडीने उतरवणारं सुगमाडेक्स आपल्याकडच्या छोट्या रुग्णालयांना महाग पडतं, हे ठाऊक असूनच सांगतो. आणि रोक्युरोनियम दिल्यावर लॅपरोस्कोपीच्या रुग्णाला अजिबात दुखणार नाही, असं वचनही देऊ नये.

रुग्णाला आधीच सांगावं की उद्या मान आणि खांदे दुखू शकतात, हे भुलेच्या एका औषधाने होतं, आणि दोन-तीन दिवसांत बहुधा आपोआप बरं होतं. त्याच दिवशी घरी सोडलेल्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन करून विचारावं. रिकव्हरी रूममध्ये विचारलं तर तो ‘काही नाही, ठीक आहे’ असंच म्हणेल, कारण दुखणं तोवर सुरूच झालेलं नसतं. आपल्याकडच्या नोंदवह्यांत ते दिसत नाही याचं हेच कारण आहे. फोन केल्यावर कुणी लघवी गडद तपकिरी झाल्याचं सांगितलं, तर मात्र ते स्नायूंच्या झिजेचं लक्षण समजून त्याला तासाभरात बोलावून घ्यावं.